2009 ची दुरुस्ती आणि खिशातला चाकू

अमेरिकेतल्या चाकूशौकिनांमध्ये एक मजकूर फिरत असतो: ‘2009 साली काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) असिस्टेड ओपनिंग चाकू कायदेशीर केले. पातं अडीच इंचांपर्यंत असलं की कुठल्याही सरकारी जागेत बिनदिक्कत न्या. दारावर पाटी नसेल तर प्रश्नच मिटला.’ तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर ते पटतं.

आधी 2009 चं बघू. खटक्याच्या चाकूंवरचा केंद्राचा कायदा 1958 चा. मुठीतलं बटण दाबलं की पातं आपोआप उसळून बाहेर येतं, असे चाकू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला धाडण्यावर मुख्यतः त्याचा रोख. असिस्टेड चाकूचं तसं नसतं. पात्यावरच्या खुंटीला अंगठा लावून ढकलावं लागतं. सुरुवातीला पातं मिटण्याकडेच ओढ घेतं, ती मोडली की मग स्प्रिंग पुढचं काम करते. 2009 मध्ये सीमाशुल्क खातं यांनाही खटक्याच्या व्याख्येत बसवायला निघालं, तेव्हा काँग्रेसने नेमकी ही मिटण्याकडची ओढ धरून सूट लिहिली. पण ती सूट त्या 1958 च्या कायद्यापुरती. सरकारी इमारतीत शस्त्र नेण्याचा गुन्हा वेगळ्याच ठिकाणी आहे, टायटल 18 (केंद्राच्या फौजदारी कायद्यांचा भाग) च्या कलम 930 मध्ये, आणि तिथे स्प्रिंगचा विषयच नाही. विक्रीचा परवाना म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे.

तिथे विषय आहे लांबीचा. खिशातल्या चाकूला तिथे सूट आहे, पण पातं ‘अडीच इंचांपर्यंत’ नाही, अडीच इंचांपेक्षा कमी हवं. बरोबर 63.5 मिलिमीटर भरलं तर सूट गेली. शिवाय माप फक्त धारेचं घ्यायचं की थेट मुठीपर्यंतचं, हे कलमात लिहिलेलं नाही. मी तरी मुठीपर्यंतच मोजेन. अनेक असिस्टेड चाकूंचं पातं तीन इंचांच्या आसपास असतं, म्हणजे वाद तिथेच संपतो. साधा गुन्हा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, केंद्रीय न्यायालयाच्या आवारात दोन वर्षांपर्यंत.

आणि लहान पातंही सगळीकडे चालत नाही. आपल्या इमारतीत काय येऊ द्यायचं हे ठरवायची मुभा कलम 930 न्यायालयांना स्पष्टपणे देतं. विमानतळाच्या तपासणीत तर अडीच इंचही चालत नाहीत. 2013 मध्ये टीएसएने (ही तपासणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेने) 2.36 इंचांपर्यंतच्या चाकूंना केबिनमध्ये परवानगी द्यायचं जाहीर केलं आणि विरोध झाल्यावर काही महिन्यांतच माघार घेतली.

राज्याचा कायदा सैल आहे, हे उत्तर केंद्राच्या इमारतीत कामाचं नाही.

पाटीचा मुद्दा मात्र निम्मा खरा. दारावर ठळक सूचना नसेल तर साध्या गुन्ह्यात दोषी ठरवता येत नाही, पण नियम तुम्हाला प्रत्यक्ष ठाऊक असेल तर ती पळवाट बंद. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्याने ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायचं, ही गंमतच.

‘मग गाडीत ठेवून आत जातो.’ बहुतेक ठिकाणी ठीक, कारण कलम 930 इमारतीपुरतं बोलतं. टपाल खात्याचा नियम त्याहून रुंद आहे: घातक शस्त्र टपालाच्या मालमत्तेवर बाळगायचंही नाही आणि ठेवायचंही नाही. पार्किंगही त्यातच येतं. बंदुकीच्या बाबतीत 2015 मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने ते मान्य केलं. त्या नियमात अडीच इंचांची सूट लिहिलेली नाही.