मांजर पोत्यात घालून मंडीत सोडायच्या त्या मेसेजबद्दल

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय, "भटक्या मांजर-कुत्र्यांपासून कायमची सुटका", खाली अंगठ्यांची ही रांग. म्हणे मांजर पोत्यात घालून चोइथरामच्या भाजी मंडीत सोडा, अंगणात डांबरगोळ्या टाका, कुत्र्यांसाठी फाटकाला लाल-निळ्या पाण्याची बाटली टांगा, आणि मांजरीचा केस पोटात गेला की पोरांना घटसर्प होतो म्हणून दया नको.

घटसर्पाचं आधी उरकते. तो जिवाणूमुळे होतो, माणसाकडून माणसाला लागतो, बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना सुई टोचतात त्यात त्याची लस असतेच. केसाचा काय संबंध? मांजर चावली, ओरबाडली तर मात्र जखम साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी लगेच दवाखाना गाठायचा, हे कामाचं तेवढं मेसेजात नाही.

बाटलीचं काय सांगू, रामबागेत फाटकावर ती टांगलेली नि कुत्रं तिच्याच खाली पसरलेलं.

आता मंडी. सोडलेली मांजर एक तर वाट काढत परत येते, नाहीतर तिथली मांजरं तिला टिकू देत नाहीत, आणि इकडे तुमच्या गच्चीवर जागा रिकामी, उष्टं तसंच, उंदीर तसेच, म्हणजे पुढच्या गल्लीतली येऊन बसणारच ना. त्यात ती व्यालेली असली तर माळ्यावर पिल्लं मरतात, मग वास कुठून येतोय शोधत बसा. शिवाय उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. खरा इलाज नसबंदीच. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं, ती अंगावर पीत असतानाच परत गाभण! बोक्याची केली तर रात्रीची भांडणं नि भिंतीवर मुतणं बरंच कमी होतं. खर्चाला गल्लीने वर्गणी काढावी, गणपतीची काढतोच की.

डांबरगोळ्या तर अजिबात नको. मांजरीला विषारी आहेतच, पण रांगतं पोर तोंडात घालतं, काही मुलांच्या तर त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. काळं फिनाईलही मांजरीला सोसत नाही. कुंडीत घाण करते? मातीवर जाळी अंथरा नाहीतर गोटे पसरा, भुसभुशीत माती मिळाली नाही की ती दुसरीकडे जाते. ओला कचरा सकाळची गाडी येईपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, रात्री पिशवी गेटला लटकवू नका. आणि माळ्याचं भोक बुजवाच, फक्त आत पिल्लं नाहीत ना ते आधी टॉर्च मारून बघा.