श्रावणातली उशी

कालच्या श्रावणी सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो पडला. गच्चीचा कोपरा, पाण्याची टाकी, आणि फरशीवर विखुरलेली पांढरी पिसं. खाली मजकूर : ‘ऐन श्रावणात गच्चीवर कोंबडी कापण्याचा प्रकार उघडकीस आला आहे. संबंधितांनी स्वतःहून पुढे यावे.’ त्यावर अकरा अंगठे, चार जोडलेले हात आणि एक रडका चेहरा.

संबंधित म्हणजे मी. आणि कोंबडी म्हणजे माझी उशी.

दोन वर्षांपूर्वी नणंदेने न्यू जर्सीहून दोन उश्या आणल्या. बदकाच्या पिसांच्या. आतली हवा काढून पापडासारख्या चपट्या करून बॅगेच्या तळाशी घातलेल्या. प्लॅस्टिक कापल्याबरोबर फुलक्यासारख्या टम्म फुगल्या. परांच्या गाद्या-उश्या गोष्टीतल्या राजकन्यांना असतात एवढंच मला ठाऊक. पण आमच्याकडे राजकन्येच्या जागी डोक्याला तेल थापून झोपणारा नवरा आहे, त्यामुळे दोन वर्षांत उशीचा वडापावचा कागद झाला. त्यात पुण्याचा पावसाळा आणि तो कुबट वास. नणंद गौरी-गणपतीला येणार, आल्यावर उश्या हुंगणार, हे नक्की. म्हणून धुवायला काढल्या.

लेबलावर चित्रं होती. एका चौकोनात गोल आणि गोलात एकच ठिपका. मला वाटलं रांगोळी. नणंदेला व्हिडिओ कॉल लावला.

‘‘अगं, म्हणजे ड्रायर. मंद आचेवर. दोन टेनिस बॉल टाक बरोबर, पिसं मोकळी होतात. तीन-चार तासांत वाळतात.’’

‘‘ड्रायर नाहीये आमच्याकडे.’’

‘‘मग कपडे कशात वाळवता?’’

‘‘उन्हात.’’

‘‘हाऊ स्वीट!’’ म्हणाली, आणि तिला दुसरा फोन आला.

धर्माची गाय आणि दात का गं नाय, हे मलाही कळतं. पण गाय देताना तिचा गोठा आपण न्यू जर्सीत ठेवून आलोय, हे सांगायला काय हरकत होती?

तर धुणं. पहिली गोष्ट, ही उशी बुडत नाही. पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून तिची खोळ इतकी घट्ट विणलेली असते की आतली हवाही सहजासहजी निघत नाही. मशीनमध्ये पाणी भरलं की दोन्ही उश्या वर येऊन डौलात तरंगायला लागतात. बदक गेलं, पण पोहणं सुटलं नाही. शेवटी मी लाटण्याने एकेकीला पाण्याखाली दाबून धरलं. त्या वेळी कुणी दारातून बघितलं असतं, तर ग्रुपवरचा मजकूर याहून भयंकर असता.

आणि एकदा का पाणी आत शिरलं, की ते बाहेर येत नाही. किलोभराची उशी पाच किलोंची झाली. मशीन पिळायला लागलं आणि धाडधाड करत बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं. घरभर ओल्या खुराड्याचा वास. उशी हातात घेतली तर आत मऊ काही उरलंच नव्हतं. कच्च्या पिठल्यात असतात तशा गुठळ्या, आठ-दहा, इकडून तिकडे घरंगळणाऱ्या.

लिफ्टच्या आत पाटी आहे, ‘ओल्या वस्तू नेऊ नयेत’. म्हणून दहा किलो ओलं बदक घेऊन मी चार जिने चढले. तेही रोज. कारण वरची खोळ दुपारपर्यंत खडखडीत वाळते आणि गुठळीच्या पोटात ओल तशीच असते, आणि तशीच घरात ठेवली तर पुन्हा कुबट वास. श्रावणाचं तर ठरलेलंच आहे. क्षणात ऊन, क्षणात सर. कविता करणाऱ्यांना ते आवडतं, कारण त्यांचं काही वाळत घातलेलं नसतं. चार दिवस मी वर-खाली केलं. रात्री उश्या पंख्याखाली, पंखा पाचवर. मुलाचे टेनिस बॉल शोधले, पण ड्रायर नसताना त्यांचं करायचं काय? नवऱ्याने एक बॉल सोफ्यावरून उशीवर मारला. लागला फुलदाणीला. ‘‘ताई म्हणाली होती ना,’’ म्हणाला आणि पेपर उघडला. चार दिवसांतलं त्याचं काम एवढंच.

आजीकडे सावरीच्या कापसाच्या उश्या होत्या. त्या कुणी कधी धुतल्या नाहीत. अभ्रा धुवायचा आणि उशी वैशाखात उन्हात टाकायची, संपलं. कापूस बसला की पिंजारी यायचा. अंगणात त्याच्या तारेचं टँव टँव सुरू झालं की आम्ही पोरं गोळा व्हायचो, आणि तासाभरात दगड झालेल्या उशीचा ढग होऊन बसायचा. शेवटचा पिंजारी कधी आला ते आता आठवत नाही. गेल्या आठवड्यात तो दिसला असता, तर मी त्याच्यापुढे न्यू जर्सी ठेवली असती.

असो. रविवारी संध्याकाळी घाईघाईत उशी ओढली, दोरीच्या खिळ्यात टोक अडकलं, शिवण उसवली आणि मूठभर पिसं उडाली. अंधार पडत आला होता. म्हटलं, सकाळी झाडू. पण माझ्या आधी काका पोचले.

दुसऱ्या मजल्यावरचे काका कमिटीवर आहेत. बाराही महिने पहाटे गच्चीवर फेऱ्या मारतात. थंडीत त्यांच्या अंगावर मुलाने कॅनडाहून पाठवलेलं काळं, फुगीर जाकीट असतं. गेल्या वर्षी लिफ्टमध्ये त्याच्या बाहीतून एक पांढरी लव बाहेर आली होती. ती त्यांनी चिमटीत धरून मला अभिमानाने दाखवली, ‘‘इंपोर्टेड कापूस, वहिनी. वजनच नाही.’’

मी झाडू घेऊन वर गेले तेव्हा ते पुरावा राखत उभे होते.

‘‘कोंबडी नाही ती, काका. बदक आहे.’’

बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे वाक्य टाळायला हवं होतं.

‘‘बदक! गच्चीवर?’’

‘‘गच्चीवर नाही, उशीत.’’

‘‘उशीत बदक कशाला ठेवलंत?’’

‘‘अख्खं नाही हो. पोटाकडची लव असते ना, पिसांच्या आतली, ती भरतात.’’

काकांनी जरा विचार केला. ‘‘आणि उरलेलं बदक?’’

‘‘ते अमेरिकेत असेल.’’

त्यांनी छत्रीच्या टोकाने उशी ढोसली. मग चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं. ‘‘डाउन लिहिलंय. डाउन म्हणजे खाली.’’

‘‘त्या लवेलाच डाउन म्हणतात.’’

‘‘छे, छे. डोक्याखाली घ्यायची म्हणून लिहिलं असणार.’’ मग आवाज उतरवून, ‘‘म्हणजे वहिनी, ही उशी नॉनव्हेज.’’

‘‘काका, उशी आपण खात नाही.’’

‘‘डोकं तर टेकता? श्रावणी सोमवारी? आज उपास असेल तुम्हाला.’’

‘‘आहे.’’

‘‘मग?’’

या ‘मग’ला उत्तर नसतं. मी त्यांच्या पायांकडे बोट केलं. ‘‘तुमच्या पायात कोल्हापुरी आहे. ती कातड्याची.’’

‘‘ती पायात आहे,’’ काका शांतपणे म्हणाले. ‘‘मी ती डोक्याखाली घेऊन झोपत नाही.’’

खरं सांगते, तिथे मी हरले.

‘‘ग्रुपवर खुलासा टाका,’’ ते म्हणाले. ‘‘पण बदक शब्द नको. लोकांच्या भावना असतात. पाळीव पक्षी म्हणा.’’

‘‘पाळीव पक्षी कापला असं म्हणू?’’

‘‘मग पक्षीही नको. नुसतं ‘गैरसमज झाला’ म्हणा आणि क्षमस्व लिहा.’’

याच गच्चीवर कबुतरं बारा महिने पिसं टाकतात. टाकीवर, ओट्यावर, माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. त्यांना उलट ज्वारी घालतात. आणि क्षमस्व मी लिहायचं! तरी लिहिलं, कारण गणपतीची वर्गणी, मांडव आणि आरतीचे वार सगळं त्याच ग्रुपवर ठरतं. त्या क्षमस्वला अंगठा एकही आला नाही. संध्याकाळी फक्त जिन्यात एक नवी पाटी लागली : ‘गच्चीवर मांसाहारी वस्तू वाळवू नयेत. – कमिटी’.

उश्या आता घरातच आहेत, गॅलरीत दोन खुर्च्यांवर. एक बरीच फुलली आहे. दुसरीच्या पोटात अजून तीन गुठळ्या आहेत. येता-जाता मी त्या चोळते आणि कॅलेंडर बघते. श्रावण काय, संपेल. थंडी पडेल, काळं जाकीट बाहेर निघेल, बाहीतून लव डोकावेल. काका मार्गशीर्षातले गुरुवार अगदी कडक पाळतात. पहिल्या गुरुवारी पहाटे मी गच्चीवर हजर असेन, फोन पूर्ण चार्ज करून.