गावाकडचं आमचं तीन खणांचं घर विकायचंय

औसा तालुक्यातल्या आमच्या गावातलं घर विकायला काढलंय. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं टाकल्याबरोबर पहिला मेसेज आला, "बापाची निशाणी विकायला काढली का?" तिथं मी काहीच बोललो नाही. इथं सविस्तर लिहितो, कारण गावाकडं कुलूप लावलेलं घर आणि पोटासाठी पुण्या-मुंबईत मुक्काम, अशी माझ्यासारखी माणसं इथं पुष्कळ आहेत.

घर अगदी साधं. पुढं ओसरी, आत तीन खण, मागं चुलीची खोली, परसात न्हाणी. दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती. भिंतीतलं बळद आता रिकामंच आहे, पण तोंड आत घातलं की अजून ज्वारीचा वास येतो. वर माळवद. तुळया, त्यावर सरे, त्यावर लाकडाचं किलचन, मग पाला आणि सगळ्यात वर माती.

माळवदाच्या घरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना माहिती आहे, ते छत दरवर्षी माणसाचे हात मागतं. मृग निघायच्या आत अण्णा माती आणवायचे, वर पसरून पाणी मारून चोपायचे आणि उतार नीट पन्हाळीकडं आहे का ते तांब्याभर पाणी ओतून बघायचे. श्रावणात वर गवत उगवलं की आम्हा पोरांना चढवायचे. मुळासकट उपटायचं, नाहीतर मुळाच्या वाटेनं पाणी खाली उतरतं. रात्री पाऊस आला की अण्णा उठून सवण्यावर, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकावर, पत्र्याचं झाकण सारायचे. तो खरखर आवाज झाला की आता भिजणार नाही म्हणून आम्ही कूस बदलून झोपायचो.

याच मातीनं माणसं मारली, हेही लिहायलाच पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते आणि किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा आठवीत होतो. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा भार, त्याखाली झोपेतच हजारो गेले. आमचं गाव लांब, म्हणून आमची फक्त मागची भिंत फुगली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपलो. पुढं अण्णांनी दोन खणांवरची माती उतरवून पत्रे टाकले, तिसरा खण पैशाअभावी तसाच राहिला. त्यामुळं "जुनं बांधकाम, शंभर वर्षं हलणार नाही" असलं मी कुणाला सांगणार नाही. जो घेईल त्यानं ती भिंत उतरवूनच मागच्या खणात झोपावं.

अण्णा 2017 ला गेले. माय आमच्याकडं भोसरीला आली. तेव्हापासून आम्ही यात्रेला जातो, झाडलोट करतो, दिवा लावतो आणि परत कुलूप. गेल्या पावसाळ्यात त्या तिसऱ्या खणात एका कोपऱ्यात माती खचली. कुणी बघणारं नव्हतं, पाणी चार महिने मुरत राहिलं. दिवाळीत दार उघडलं तर सऱ्याला वाळवी लागलेली. बोट लावलं तर लाकडाचा भुगा हातात आला. माय उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "घराला मानूस लागतंय बाबा, कुलपानं घर ऱ्हात नसतंय." विकायचं तिथंच ठरलं.

आता बहिणींचं. घर विकायचं म्हटल्यावर गावात पहिला सल्ला मिळाला तो हाच, अक्काला आणि ताईला एकेक साडी घ्या आणि हक्कसोडीवर सही घ्या. मला याचा मनापासून राग येतो. राहत्या घराची वाटणी मुलींना स्वतःहून मागताच येत नव्हती, भाऊ वाटून घेईपर्यंत थांबावं लागायचं. वारसा कायद्यातलं ते कलम 2005 मध्ये काढून टाकलं, त्याला वीस वर्षं झाली, तरी साडीची रीत चालूच. ते माळवद चोपताना पाण्याच्या घागरी कुणी वर चढवल्या? अक्कानंच ना! माय, आम्ही दोघं भाऊ आणि दोघी बहिणी, पैशाचे पाच सारखे हिस्से होतील. दाजींना फोन करून मीच सांगितलंय.

कागदाचंही सांगतो, कारण यात लोक फसतात. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. 2020 ला स्वामित्व योजना आली, मग आमच्याकडं गल्लीगल्लीत चुन्याच्या रेघा मारून वरून ड्रोन फिरवला. त्याचं मालमत्ता पत्रक निघालंय, वारसांची नावं लागली आहेत. बॉन्डवर लिहून व्यवहार मी करणार नाही, दुय्यम निबंधकाकडं रीतसर खरेदीखतच होईल.

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाला सगळं पाडून खताचं गोदाम करायचंय आणि तो जास्त पैसे देतोय. दुसरा गावातलाच, ऊसतोडीला जाणारा. पाच माणसं एका पत्र्याच्या खोलीत राहतात. त्याला घर राहायलाच पाहिजे, पण एकरकमी पैसे नाहीत. माझं आणि मायचं मत त्याच्या बाजूनं आहे. थोरल्या भावाचं अजून नाही आणि त्याच्यावरही दोन पोरांच्या शिक्षणाचं कर्ज आहे, त्याला मी चूक म्हणू शकत नाही. म्हणून महिनाभर थांबलोय. राहण्यासाठीच घेणारं आणखी कुणी असेल तर भावाशीही बोलता येईल.

बघायला दिवसा उजेडी या. किल्ली शेजारच्या काकूंकडं आहे. मागच्या खणात जाताना डाव्या हातानं भिंतीच्या कडेनं जा, मधल्या सऱ्याखाली उभं राहू नका.