गायरानातले ठाणे आणि स्टँडजवळचे ठाणे

नाशिकच्या अशोक स्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा चहा दोनदा आला आणि दोन्ही वेळा निवून गेला. तालुक्याच्या पोलीस ठाण्याला नवी इमारत मिळणार हे सर्वांना ठाऊकच होते. भाऊंनी मोबाइलवरचे संकल्पचित्र फिरवायला सुरुवात केली आणि ते पाहून तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, तेव्हा वाद पेटणार हे उघड झाले.

भाऊ इमारतींचे ठेकेदार आहेत आणि त्यांना प्रत्येक इमारत समोरूनच दिसते. महामार्गालगतचे पाच एकर गायरान, काचेचा दर्शनी भाग, शंभर गाड्यांची जागा, भव्य कमान आणि एकमजली इमारतीतही साहेबांसाठी स्वतंत्र लिफ्ट, असा सारा थाट त्यांनी उभ्याउभ्या मांडला. "२०२७चा सिंहस्थ तोंडावर आला आहे, बाहेरच्या लोकांनी बघत राहिले पाहिजे," हे वाक्य त्यांनी तीन वेळा उच्चारले.

तात्या ग्रामीण दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे त्यांचे निम्मे आयुष्य गेले. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, आजचे ठाणे एसटी स्टँडला लागून आहे. रात्री नऊला अंगावर वळ घेऊन आलेली बाई दोन मिनिटांत चालत पोहोचते. तुझ्या गायरानात तिला कोण सोडणार? तिचा नवराच ना, मोटारसायकलवरून?"

"आता तक्रार मोबाइलवरून देता येते," भाऊ म्हणाले. त्यावर वकीलसाहेबांनी सांगितले की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी सोय आहे हे खरे, पण तक्रारदाराने तीन दिवसांच्या आत सही केल्याशिवाय त्या माहितीची नोंद होत नाही. म्हणजे ठाण्याची पायरी चुकत नाही.

मी पहिल्यापासून तात्यांच्या बाजूने होतो. काही वर्षांपूर्वी द्राक्षांचे पैसे बुडवून व्यापारी पसार झाला, तेव्हा न वटलेला धनादेश आणि वजनाच्या चिठ्ठ्या घेऊन मी एका ठाण्यात गेलो होतो. बाहेर अवकाळी पाऊस कोसळत होता आणि आत कौलांतून टेबलावर धार लागली होती. अंमलदाराने स्वतःची डबा आणायची प्लास्टिकची पिशवी रिकामी करून आमचे कागद तिच्यात ठेवले आणि जबाब गुडघ्यावर वही धरून लिहिला. ज्या माणसाने त्या अवस्थेतही मला परत पाठवले नाही, त्याला कोरडे टेबल मिळावे असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच नव्या इमारतीला माझा विरोध नाही.

विरोध तात्यांचाही नव्हता. "पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९मध्ये पुण्याहून नाशकात आली. आज त्र्यंबक रस्त्यावरच्या प्रबोधिनीत उत्तम शिकून बाहेर पडलेला पोरगा पहिल्या नेमणुकीला गळक्या छताखाली बसतो, याची मला लाज वाटते. नवे बांधाच, पण आहे त्याच जागी. रात्रपाळीच्या मुलींना स्वच्छतागृहासाठी शेजारचे दार वाजवावे लागू नये, बाईला चार लोकांसमोर जबाब द्यावा लागू नये. हे आधी काढा, मग कमान काढा."

वकीलसाहेबांनी कॅमेऱ्यांचा विषय काढला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्याच्या दारांत, कोठडीत, व्हरांड्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. जिथे वीज नाही तिथे सौरऊर्जेवर का होईना, ती पुरवावी, असेही त्यात आहे. ओल धरलेल्या भिंतींत हे यंत्र किती दिवस टिकेल, हा त्यांचा प्रश्न मला नव्या बांधकामाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वाटला.

"पण जुन्या जागेत एवढे सारे मावणार कुठे?" भाऊंनी अखेरचा बाण काढला. "अर्धे आवार तर जप्त गाड्यांनी भरले आहे!"

वकीलसाहेब म्हणाले की नव्या संहितेप्रमाणे मुद्देमाल न्यायालयासमोर आल्यावर चौदा दिवसांत त्याचे वर्णन, छायाचित्रे आणि चित्रण करून, पुढच्या तीस दिवसांत त्याची विल्हेवाट लावण्याचा आदेश द्यायचा असतो. तेवढे नेमाने झाले, तर आवार आपोआप मोकळे होईल.

तात्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "त्या आवारात एक निळी स्कूटर आहे. चोरीला गेल्यावर आठव्या दिवशी मीच ती शोधून आणली होती. मालकाला कोर्टात अर्ज करून घेऊन जा म्हणून चार निरोप धाडले. तो म्हणाला, हप्ते फिटलेत, घाई काय आहे. आता तिच्या सीटमधून कडुनिंब वर आला आहे."

कट्ट्यावरच्या सर्वांच्या माना एकदम भाऊंकडे वळल्या.

"तात्या, तो कडुनिंब केवढा झाला आहे?" भाऊंनी हळूच विचारले.

"बांधकामाच्या आड येण्याएवढा," तात्या म्हणाले, आणि हसता हसता वकीलसाहेबांच्या हातातला तिसरा चहा भाऊंच्या संकल्पचित्रावर सांडला.