रंग बदलण्यापेक्षा मोठी गोष्ट राहून गेली

लेख आवडला. खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांतले गोबी मासे रंग बदलून कसे लपतात, ते छान मांडलंय. पण त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल एक ओळ तरी हवी होती!

अटलांटिक किनाऱ्यावरच्या 'बॅथिगोबियस सोपोरेटर' या गोबीवर लेस्टर अ‍ॅरन्सन यांनी 1951 मध्ये शोधनिबंध लिहिला. ओहोटीला डबक्यात अडकलेला हा मासा धोका जाणवला की शेजारच्या डबक्यात अचूक उडी मारतो, तेही ते डबकं तिथून दिसत नसताना. भरतीच्या वेळी खडकांवरून पोहताना तो खळग्यांची जागा मनात टिपून ठेवतो. एकच भरती त्याला पुरते, आणि ही आठवण 40 दिवसांपर्यंत टिकते, असं अ‍ॅरन्सन यांना पुढे 1971 मध्ये आढळलं. बोटाएवढा मासा, आणि डोक्यात अख्ख्या कातळाचा नकाशा! मला तर हे रंग बदलण्याहून कितीतरी थोर वाटतं.

याच कुळातले गोबी मुंबई-कोकणच्या खडकांतही आहेत. म्हणून ओहोटीला फिरणाऱ्यांना कळकळीची विनंती: उचललेला दगड होता तसाच, त्याच जागी ठेवा. त्याच्याखाली बऱ्याचदा गोबीची अंडी चिकटलेली असतात आणि नर त्यांची राखण करत असतो.