अ‍ॅम्लोडिपिनच्या मेसेजबद्दल खुलासा

कोथरूडच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर बीपीच्या एका गोळीबद्दल फिरतंय: ‘अमेरिकेत सिद्ध झालं, अ‍ॅम्लोडिपिनने हार्ट फेल्युअर ३८ टक्क्यांनी वाढतं, गोळी आजच बंद करा.’ आकडा खरा, पण अर्धवट. चाचणीचं नाव ऑलहॅट, निकाल २००२ चा, रुग्ण ३३,३५७. सहा वर्षांत हार्ट फेल्युअरचं (हृदयाची पंपिंगची ताकद कमी पडण्याचं) प्रमाण क्लोरथॅलिडोन ही बीपीचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांत ७.७ टक्के, अ‍ॅम्लोडिपिनवाल्यांत १०.२. म्हणजे तुलना दुसऱ्या गोळीशी होती, गोळी न घेण्याशी नव्हेच! हार्ट अटॅक आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘जामा’ या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकातल्या मूळ लेखाच्या सारांशातच हे छापलंय. गोळी परस्पर सोडली की बीपी पुन्हा चढतं. पायावर सूज किंवा धाप असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेसेज पुढे पाठवू नका. टाकला असेल तर कृपया डिलीट करा.