‘थंडी समजा आणि विसरा’ : खानापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खानापूरकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी माझाच जुना लेख पुन्हा वाचावा लागला. वाचता वाचता एका ओळीपाशी कान गरम झाले.

बाकीच्या वाचकांसाठी आधी प्रकरण सांगतो. गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो, घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायरची हवा कमी झाली की तो लागतो. काही गाड्यांत तो लागतो, विझतो, परत लागतो. त्यावरच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘सकाळी लागला आणि दुपारी विझला तर थंडी समजा, हवा भरा आणि विसरा.’ खानापूरकर म्हणतात, मी विसरलो आणि पस्तावलो. दिवा लागला, यांनी हवा भरली. आठवड्यानं परत लागला, तेव्हा टायरच्या दुकानात कुणीतरी रीसेटचं बटण दाबून तो घालवायला शिकवलं. पुढच्या वेळी यांनी घरीच दाबलं. शेवटी सुट्टीला गोव्याला निघाले असता कणकुंबीच्या पुढं टायर बसला, बाजू फाटली. आत बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा निघाला. सर्व्हिस सेंटरनं वर सांगितलं, ‘तुमच्या चाकात सेन्सरच नाही, दिवा कुठला बघताय!’ यावर खानापूरकरांचे तीन आरोप : सल्ला धोक्याचा होता, मी घरात बसून लिहितो, आणि नायट्रोजनचा विषय मुद्दाम टाळला.

पहिला आरोप मान्य. कबूल करताना आढेवेढे घेत नाही, फक्त तो तुम्ही म्हणता त्या कारणासाठी मान्य नाही. ‘थंडी’ हे कारण खोटं नव्हतं. ते माझ्या गाडीचं कारण होतं आणि मी ते सगळ्यांच्या गाडीला चिकटवून दिलं. तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या त्या एका वाक्यात सगळं उत्तर आहे, आणि त्यांनी ते तुम्हाला समजावून द्यायला हवं होतं.

हवा ओळखायच्या दोन तऱ्हा आहेत. माझ्या गाडीत चारही रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, बॅटरीवरचा छोटा सेन्सर आहे. तो खराखुरा दाब मोजतो आणि रेडिओ लहरीनं गाडीला कळवतो. तुमच्या गाडीत दाब कुणी मोजतच नाही. एबीएससाठी (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) प्रत्येक चाकाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर आधीपासून असतोच, त्याच आकड्यांवरून गाडी अंदाज बांधते. हवा कमी झाली की चाक किंचित खाली बसतं, त्याची त्रिज्या कमी होते, मग तेवढंच अंतर कापायला ते बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. फरक शंभर फेऱ्यांत एका फेरीचाही नाही, पण गाडीच्या कॉम्प्युटरला तेवढा पुरतो.

आता यातली गोम बघा. थंडी चारही टायरना सारखीच वाजते. चारही टायर एकदम दोन-दोन पीएसआयनं (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उतरले तर त्यांच्या आपसातल्या फेऱ्यांत फरक पडत नाही, आणि फेऱ्यांची नुसती तुलना करणारी गाडी गप्प राहते. (नव्या काही प्रणाली टायरच्या थरथरीवरूनही अंदाज घेतात, त्या चारही एकदम उतरलेले ओळखू शकतात. त्या बाजूला ठेवू.) म्हणजे तुमच्या गाडीत दिवा लागला याचा अर्थच मुळी एक चाक बाकीच्या तिघांपासून वेगळं पडलंय, असा होता. थंडी हे कारण तिथं जवळजवळ बसतच नव्हतं. माझ्या लेखानं तुम्हाला नेमक्या उलट्या दिशेला पाठवलं. त्याबद्दल मनापासून माफी.

दुसरी चूक माझी नाही, त्या दुकानातली आहे. रीसेट म्हणजे दिवा विझवायचं बटण नव्हे. ते दाबलं की गाडी म्हणते, ‘बरं, आत्ता चाकं जशी आहेत तशी ती ठीक आहेत’ आणि पुढं काही वेळ चालताना तेच प्रमाण मनात नोंदवून ठेवते. आकडे अंदाजानं धरू. टायर ३३चा २६वर आला, दिवा लागला. तुम्ही बटण दाबलंत, गाडीनं २६ हाच धडा पाठ केला. आता तिला परत बोंब मारायला त्याहून बरंच खाली यायला हवं, म्हणजे २०-२१. तिथं परत बटण. तिसऱ्या वेळी टायरमध्ये राहिलं काय असेल? भरलेली गाडी, मागं सामान, जांबोटीपासूनचा वळणावळणाचा रस्ता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला बाजूनं दुमडतो, दुमडून तापतो आणि आतले धागे तुटतात. खिळ्यानं तुमचा टायर फाडला नाही. खिळ्यानं फक्त हवा सोडली. टायर फाडला तो त्या हवेविना पळालेल्या किलोमीटरनी. वेळेत कळलं असतं तर मशरूम पॅच (भोकात आतून बसवायचं छत्रीसारखं ठिगळ) मारून तोच टायर अजून फिरला असता. बाजू गेल्यावर पॅच चालत नाही, तिथं नवा टायर हेच खरं.

म्हणून ‘दिवा लागतो-विझतो’ असं जे तुम्ही लिहिलंय ते मी आता वेगळं वाचतो. तुमचा दिवा आपणहून विझत नव्हता. तुम्ही तो विझवत होता.

आता माझ्या गाडीची गोष्ट, कारण ‘थंडी’ मी हवेत काढलेली नाही. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर ३३ लिहिलंय. दोन वर्षांमागं डिसेंबरात रोज सकाळी बेळगावात टिळकवाडीतून निघालो की दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत दिवा लागलेला, उद्यमबागेत पोचेपर्यंत विझलेला. हवा मी दर महिन्याला न चुकता भरत होतो. कुठं? निपाणीहून परत येताना, हायवेलगतच्या पंपावर. तास-सव्वातास पळून आलेला टायर, आतली हवा पन्नास अंशांच्या आसपास गेलेली, आणि मी मोठ्या समाधानानं ३३ भरून घ्यायचो. साधारण सहा-सात अंशांना एक पीएसआय, हा हिशेब धरा. बेळगावच्या डिसेंबरातली पहाट म्हणजे पंधरा अंशांच्या आगंमागं. पस्तीस अंशांची घसरण, म्हणजे पाच पीएसआय. माझे ३३ हे पहाटेचे २८ होते. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय झिरपतातच. माझ्या गाडीचा दिवा २६ला लागतो, हे मी गेज लावून बघितलंय. काठावर उभा असलेला टायर पहाटे काठाखाली जायचा, चालून तापला की वर यायचा. दिवा खरंच बोलत होता, मीच त्याला खोटं ठरवत होतो.

उपाय फुकटचा निघाला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी हलवायच्या आधी मोजायचं. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. पंप लांब असेल तर घरी चारही आकडे लिहून घ्यायचे आणि पंपावर गेल्यावर जेवढे कमी होते तेवढेच वाढवायचे. पंपावरच्या यंत्रात ३३ दिसतंय म्हणून थांबायचं नाही. गेज दोन पीएसआय चुकीचं असलं तरी चालेल, पण दरवेळी तेच गेज हवं. आपल्याला खरा आकडा जेवढा हवा असतो त्याहून जास्त हवा असतो तो चार चाकांमधला फरक. चौघं मिळून उतरले तर हवामान किंवा आळस. एकटाच उतरला तर त्याच्यात काहीतरी आहे, मग बाहेर ऊन असो नाहीतर गारठा.

हे वाक्य त्या लेखात असतं तर दोन्ही तऱ्हांच्या गाड्यांना लागू पडलं असतं. आता टाकलंय, आणि ‘विसरा’ हा शब्द खोडलाय.

घरात बसून लिहितो, या आरोपावर. पुढल्याच पावसाळ्यात माझंही पुढचं डावं चाक एकटं उतरायला लागलं, आठवड्याला दीड पीएसआय. तीन दुकानं फिरलो. प्रत्येकानं चाक काढलं, टाकीत बुडवून गोल फिरवलं, बुडबुडा नाही, ‘काय नाही ओ साहेब, सेन्सर बिघडलाय तुमचा.’ एकानं तर चारही सेन्सर बदलायचा सल्ला दिला. आता सेन्सर बिघडतो हे खरं आहे. त्याची बॅटरी पाच-दहा वर्षांनी संपते, आणि ती सेन्सरात बंद असल्यामुळं अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. मात्र सेन्सर मेला तर गाडी ते वेगळ्या पद्धतीनं सांगते : चालू केल्यावर तो दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लुकलुकणं म्हणजे यंत्रणेचं दुखणं, नुसतं लागणं म्हणजे हवेचं. माझा लुकलुकत नव्हता. आणि माझं साधं गेजही तेच सांगत होतं, त्याला कुठली बॅटरी?

चौथ्या ठिकाणी, उद्यमबागेतल्या एका टपरीवर, एक पोरगा दुरूनच म्हणाला, ‘सर, गाळी कम्मी ऐती.’ (म्हणजे हवा कमी आहे. कन्नडात गाली म्हणजे चाक आणि गाळी म्हणजे हवा. आमच्याकडं दोघांचं दुखणं एकाच टपरीवर जातं.) त्यानं टाकी घेतलीच नाही. चाक आडवं टाकलं, साबणाचं पाणी रिमच्या कडेनं ओतलं आणि बिडी पेटवून बाजूला जाऊन बसला. पाच मिनिटांनी एका ठिकाणी फेस आला, मोहरीच्या दाण्याएवढा. टायर जिथं अलॉयला (मिश्रधातूच्या रिमला) टेकतो तिथं रिमवर पांढरी पूड धरली होती, आणि हवा त्या खरबरीत कडेतून जात होती. टायर उतरवून तारेच्या ब्रशनं कड घासली, सीलर लावला, परत चढवला. टाकीत घाईनं फिरवलेल्या चाकात असली गळती सापडत नाही. व्हॉल्व्हच्या आतल्या पिनेची गळतीही तशीच निसटते. तिच्यावर थुंकीचं बोट ठेवलं तरी कळतं, जुने लोक तेच करायचे.

नायट्रोजन. मुद्दाम टाळला नव्हता, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही म्हणून सोडला होता. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीपासून आहे. तापमानानं दाब वर-खाली होण्याचा नियम दोघांना सारखाच. नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून किंचित हळू झिरपतो, एवढा फायदा खरा. पण पत्रीच्या खिळ्यानं पाडलेलं भोक आत कुठला वायू आहे ते विचारत नाही. फुकट मिळत असेल तर भरा, आणि कधी साधी हवा भरावी लागली तर बिनधास्त भरा, दोन्ही एकत्र चालतात.

पत्रीचा खिळा निघाला याचं मात्र नवल वाटलं नाही. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर बैलगाड्या आणि ट्रॉल्या दोन्ही असतात, आणि कडेच्या मातीत काय काय पडलेलं असतं ते समोरच्याला वाट देताना कडेला उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या दिवसांत मी महिन्याऐवजी आठवड्याला मोजतो.

तुमच्याकडं स्टेपनी होती हे नशीब म्हणा. २०२०च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट दिलेल्या छोट्या गाडीत स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे. किटमधलं रसायन खिळ्याच्या भोकाला चालतं, फाटलेल्या बाजूला नाही. कणकुंबीच्या पुढं रात्री ते किट हातात घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता एक काम राहिलंय, तुमच्या गाडीचं. तुम्ही एकच टायर नवा घेतलाय. नव्याची नक्षी पूर्ण, बाकी तिघांची झिजलेली, म्हणजे नव्या चाकाची त्रिज्या थोडी मोठी आणि फेऱ्या थोड्या कमी. तुमची गाडी फेऱ्याच मोजते. चारही टायरना बरोबर हवा असूनही ती परत गोंधळेल आणि दिवा लागेल, आणि मग तुम्ही मला दुसरी प्रतिक्रिया लिहाल. तेव्हा उद्या सकाळी गाडी हलवायच्या आधी चारही टायर मोजा, पट्टीवरच्या आकड्याला आणा, आणि मगच ते बटण दाबा, एकदाच. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवा, बेळगाव-खानापूर पुरेल. चारही आकडे इथंच खाली टाका. आठ दिवसांनी परत मोजून तेही टाका. त्यानंतर दिवा लागला आणि चारही आकडे जुळत असले तर तिघं टायर किती झिजलेत ते बघू.